मामाचं नाव

पिंजऱ्यात हात घालण्याआधी काळूदादा स्वतःचा तळवा छातीवर ठेवून उभा राहायचा. कधी दोन मिनिटं, कधी पाच. आम्ही शिकलीसवरलेली मंडळी मागे ताटकळत असायचो. "आधी आपली भीती बसवाची, बाय. मंग हात घालाचा. हाताला भीती असली का मामाला कळतं." मग तो हळूच झाकण उघडायचा. सकाळी माझ्या बोटाला कडकडून चावलेला उंदीर त्याच्या ओंजळीत निमूट बसायचा. मला त्याचा रागच यायचा, उंदराचा.

मामा म्हणजे उंदीर. काळूदादा डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा, मुंबईला आमच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचा. त्याच्या घरात उंदराचं नाव घेत नसत. नाव घेतलं की तो बोलावल्यासारखा येतो आणि भाताची कणगी पोखरतो. प्रयोगशाळेत कुठली आलीय कणगी? तरी सगळ्या नोकरीत त्याने तो शब्द उच्चारला नाही. एकदा मी मुद्दाम चिडवायला "उंदीर, उंदीर" म्हटलं, तर त्याचा चेहरा उतरला. "गप गो! आमच्याच बाजूची ना तू, मुरबाडची? तुला कळत नाय?"

माझं काम उंदराच्या आणि माणसाच्या मेंदूतल्या पेशी शेजारीशेजारी ठेवून पाहण्याचं. कोण कुठल्या जातीची, कोण कोणाला जोडलेली. माणसाचा तुकडा शस्त्रक्रियेतून मिळतो. खोलवरची गाठ काढताना वाटेतला थोडा भाग काढावाच लागतो, तो रुग्णाच्या संमतीने आमच्याकडे येतो. काळूदादाने एकदा विचारलं, "मंग काय फरक घावला?"

"जाती बऱ्याचशा त्याच आहेत, दादा. प्रमाण वेगळं, जोडण्या वेगळ्या."

"आन भीती?"

"ती दोघांकडे आहे."

"ता मला ठावं होता," तो म्हणाला आणि भुसा बदलायला गेला.

निवृत्त झाला त्याच वर्षी त्याला फिट आली. डोक्यात गाठ निघाली, तीही बोलण्याच्या जागेजवळ. डॉक्टर त्याला जागं ठेवून, चित्रं दाखवून बोलतं ठेवणार होते, म्हणजे वाचेला धक्का लागतोय का ते कळेल. तुकडा देण्याच्या कागदावर त्याने लगेच सही केली. "घे, तुझ्या कामाला. नायतरी फेकतीलच." मग जरा थांबून म्हणाला, "मामाला टेबलावर घेतला का मी त्याचं डोळं झाकायचो. माझं कोण झाकंल, बाय?"

मी त्याचा हात धरला तर माझाच हात गार पडलेला. त्याने तो उचलून माझ्याच छातीवर ठेवला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बर्फाची पेटी घेऊन दाराबाहेर उभी होते. बाकावर त्याची बायको हिराबाई बसली होती, पदराचं टोक दातात धरून. अचानक नर्स बाहेर आली. "यांच्या घरची बोली कोणाला कळते? गाय, कोयता, छत्री, सगळं बरोबर सांगितलं. उंदराच्या चित्राला मामा म्हणतायत. शब्द चुकतोय म्हणून डॉक्टर थांबलेत."

"चुकत नाहीये!" मी ओरडलेच. "त्यांच्यात उंदराला मामाच म्हणतात. तीस वर्षं हेच ऐकतेय मी."

नर्स आत गेली, दार लागलं. या वेळी त्याला खरोखरच शब्द सापडला नसेल तर? माझ्या एका वाक्यावर डॉक्टर पुढे सरकणार होते. थोड्या वेळाने तुकडा माझ्या पेटीत आला. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी जिवंत होत्या. मी छातीवर हात ठेवून उभी राहिले, पण भीती काही बसेना.

चार दिवस तो बोलला नाही. ते चार दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. पाचव्या दिवशी त्याने पाणी मागितलं. डॉक्टरांनी पुन्हा चित्रं दाखवली. गाय. कोयता. छत्री. मग ते चित्र.

"उंदीर," काळूदादा खणखणीत आवाजात म्हणाला.

डॉक्टर खूश झाले, नर्सने टाळी वाजवली. हिराबाईचा हात मात्र तोंडावर गेला होता.

दिवाळीनंतर मी पाड्यावर गेले. काळूदादा ठणठणीत होता. हसत होता, मुरबाडची चौकशी करत होता. भरल्या कणगीशेजारी बसून म्हणाला, "उंदीर लय झालेत औंदा." कोपऱ्यात खुडबुड झाली तसा उठला आणि थेट अंधारात हात घातला. छातीकडे तो हात गेलाच नाही. बोटाला रक्त आलं, ते त्याने धोतराला पुसलं.

हिराबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वळणावर थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "बाय, यांचा तो तुकडा तुमच्याकडंच हाय ना?"

"हो."

"यांची भीती त्यातच ऱ्हायली का वो?"

गाठीने गेली, सुरीने गेली की माझ्या एका वाक्याने, मला खरंच माहीत नाही. पेशींच्या जाती मला मोजता येतात, त्यांच्या जोडण्या दाखवता येतात.

"असंल तं सांभाळून ठेवा," ती म्हणाली. "आन त्या तुकड्यासमोर मामाचा नाव नका घेऊ."