पुसलेल्या टेपवरची चूक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. गणिताची शिक्षिका आहे, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता… आजही आहे असं म्हणणार नाही. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

सुरतेकडून प्लेगच्या बातम्या आल्या ते वर्ष. मी सानपाड्याच्या एका शाळेत दहावीला गणित शिकवत होते. सहामाही तोंडावर आणि शाळा बंद! आमच्या हेडसरांनी डोकं लढवलं — केबलवाल्याच्या व्हिडिओ चॅनेलवर तास दाखवायचे. दुपारच्या पिक्चरच्या जागी आम्ही. कल्पना झकास, फक्त केबलची वायर कॉलनीतल्या बिल्डिंगांपुरतीच होती. खाडीकडच्या गावातल्या आमच्या मुलांचं काय, मी विचारलं. "बघतील कुणाकडे तरी," सर म्हणाले. त्या दिवसांत सख्खे शेजारी एकमेकांना दार उघडत नव्हते, या पोरांना कोण घरात घेणार होतं?

शूटिंग रिकाम्या वर्गात झालं. मी, हेडसर आणि कॅमेरा धरलेला केबलवाला, बस्स. गेटला कुलूप. पहिल्याच समीकरणात मी वजाऐवजी अधिक लिहिलं. उत्तर येईना, मी गडबडून ते पुसलं. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, रिवाइंड करून त्याच्यावरच परत घेतो," केबलवाला म्हणाला. चूक टेपवरून पुसली गेली. चॅनेलवर लागला तो बरोबर तास.

शाळा उघडली तेव्हा गावातल्या मुलांना काही येत नव्हतं. येणार कुठून? सहामाहीत जो नापास होईल त्याला आमची शाळा सतरा नंबरचा फॉर्म भरून बोर्डाला बाहेरून बसायला लावायची… म्हणजे शाळेचा निकाल चकचकीत. असं बाहेर गेलेलं पोर बहुतेक पुन्हा पुस्तकाला हात लावत नसे. म्हणून मी त्यांच्यासाठी जादा तास मागितले. सर तडक वर्गात आले आणि गावातल्याच मंदाला फळ्यापाशी उभं केलं. तिनं टेपवरचं तेच पहिलं समीकरण धडाधड सोडवलं. वर माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी पयले इथं अधिक लिवलेलं ना, मंग पुसलं."

कुठे पाहिलंस, मी विचारलं.

"इथंच, माझे बाकावर बसून."

मी तिच्या आईला भेटले. "सुट्टीत पोरगी घरानच व्हती, बाई," ती म्हणाली. "आमचेकडं टीवी कुठं हाय?"

सर मात्र खूश. "बघा बाई, पोचलं की नाही गावापर्यंत? कशाला हवेत जादा तास?" मी चुकले तेव्हा हेच सर माझ्यासमोर उभे होते. त्यांच्या लक्षात आलं नाही, की लक्षात घ्यायचं नव्हतं… देव जाणे.

मंदा पास झाली. गावातली बाकीची सगळी सतरा नंबरात गेली. तिनं तो तास कसा पाहिला, मला अजून उमगलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही. निकालाच्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. गावातली मुलं तिच्याशी बोलत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मना येत नाय असं बोलले असते, तर तास घेतले असते ना?"