दित्याचं अर्धं वाक्य

साठच्या दशकात माझं पोस्टिंग सरहद्दीवरच्या डोंगरांच्या पायथ्याशी, एका मिलिटरी वर्कशॉपला होतं. रँक नाईक. गाव कळसाडी, तालुका शहादा. आमचा भाग तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. पाचला उठणं, सहाला पीटी, आठला ड्युटी. दारूगोळा आणि पाणी पाठीवरून वरच्या चौकीवर पोचवायचं, हे काम.

वर्कशॉपच्या मेजर साहेबांच्या डोक्यात एका यंत्राने घर केलं होतं. परदेशी मासिकात त्यांनी चित्र पाहिलं होतं. अंगावर चढवायचा लोखंडी सांगाडा, मोटरीवर चालणारा, आत उभा असलेला माणूस मणामणाचं ओझं उचलतोय. मोटर आमच्याकडे नव्हती. साहेबांनी नळ्या आणि ट्रकच्या सीटच्या स्प्रिंगा जोडून सांगाडा उभा केला. कंबर, मांड्या, पोटऱ्या मिळून नऊ पट्टे. ओझं पाठीमागे सांगाड्यालाच बांधायचं, त्याचा भार नळ्यांतून थेट जमिनीवर जायचा. "मोटर बाद में लगाएंगे," ते म्हणायचे. पुढे हमालांना, पाय अधू झालेल्यांनाही हा उपयोगी पडेल, असा त्यांचा विश्वास होता. माणूस भला होता.

ट्रायलसाठी शिपाई दित्या पावरा निवडला गेला. मोलगीकडचा. बुटका, काटक, सदा हसरा. लहानपणी आईबापाबरोबर सातपुडा उतरून आमच्या शिवारात कापूस वेचायला यायचा, तिथे अहिराणी शिकला. हिंदी त्याला धड येत नसे आणि साहेब दक्षिणेकडचे. त्यामुळे दुभाष्या मी.

दित्याला सांगाडा आवडला. "दादा, मन्ही माय आजारी पडनी ते मी एकलाच तिले धडगावले लई जासू," म्हणाला. त्याच्या पाड्यावरून आजारी माणसाला झोळीत घालून चौघे जण डोंगर उतरवून धडगावच्या दवाखान्यात नेत.

ट्रायल पाहायला ब्रिगेडियर साहेब आले. सकाळी दहाला दित्या भरलेली पेटी घेऊन चढ चढला आणि उतरून आला. मेजर साहेबांनी विचारलं, "क्या बोलता है?"

दित्या म्हणाला, "वजन लागस नही. पन हाई फेकता येस नही. कावड कशी, खांदा झुकाडा का खाले पडस. यान्हामा मानूस बांधाई जास. गोळी उनी ते मी आडवा कसा व्हसू?"

मी म्हणालो, "सर, बोलता है, वजन लगता ही नहीं."

टाळ्या पडल्या. मला त्याचं सगळं समजलं होतं: ओझं टाकता येत नाही, गोळी आली तर आडवं होता येत नाही. पण आपल्या मुलखातला माणूस बड्या साहेबांसमोर तक्रार करतो, याची मला लाज वाटली. त्या दिवशी मला भलत्याच गोष्टीची लाज वाटली.

संध्याकाळी दित्याने विचारलं, "तुम्हीन सांगं ना त्यासले?"

"हां," मी म्हणालो.

"मंग बस."

आठ दिवसांनी आम्ही आठ जण चौकीकडे निघालो. सांगाडा एकच, दित्याच्या अंगावर. तो पुढे, मी त्याच्या मागे पंधरा पावलांवर. अकरा वीसला उजव्या डोंगरधारेवरून फायरिंग सुरू झालं.

"डाउन!" मी ओरडलो.

सात जण आडवे झालो. दित्या उभाच. ओझ्याखाली सांगाड्याची गुडघ्यावरची कडी अडकली होती. तो पट्टा ओढत होता. मान वळवून म्हणाला, "दादा, पट्टा!"

पंधरा पावलं होती. मी उठलो नाही.

अकरा सत्तावीसला फायरिंग थांबलं. मी वायरलेसवर कळवलं, "वन कॅज्युअल्टी. ओव्हर." ते नऊ पट्टे सोडवायला दोघांना दहा मिनिटं लागली. चौकशीत मी सांगितलं, अचानक हल्ला झाला. तेही खरंच होतं. अर्धं.

सुट्टीत धडगावहून चालत त्याच्या पाड्यावर गेलो. त्याच्या आईने भाकरी वाढली. मी ती खाल्ली. म्हातारा बाप समोर येऊन बसला. मग त्याने विचारलं, "त्यानी वझं टाकं नही का?"

"नही, बाबा. शूर व्हता तो. वझं सोडं नही त्यानी."

म्हाताऱ्याने मान हलवली. "साप दखाना तरी कावड टाकी दे तो. मन्हा दित्या येडा नही व्हता."

अंधार पडायच्या आत डोंगर उतरायचाय, असं सांगून उठलो.

मागल्या वर्षी नंदुरबारला माजी सैनिकांच्या मेळाव्यात एक फिल्म दाखवली. मोटरीवर चालणारा पोशाख. जवान चढ चढतोय, कारखान्यात मजूर ओझं उचलतोय, लुळ्या पायांची एक बाई चालतेय. माझे डोळे भरून आले. मेजर साहेबांनी हे पाहायला हवं होतं. मग माहिती देणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर पोशाखाच्या छातीवरचं लाल हँडल दाखवलं. ते ओढलं की सगळा पोशाख क्षणात गळून पडतो.

"कुणाला काही विचारायचंय?"

मी काठी टेकत उभा राहिलो. म्हणालो, "विचारायचं नाही. एक रिपोर्ट द्यायचा राहिलाय." आणि दित्याचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्याच शब्दांत सांगितलं. हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं आणि मी ते दाबलं, हेही सांगितलं.

"नाव?" अधिकाऱ्याने हलकेच विचारलं. बहुधा माझं विचारत असावा.

"शिपाई दित्या पावरा. मोलगीकडचा," मी म्हणालो आणि खाली बसलो. गुडघे आता फार दुखतात, पण मला खाली बसता येतं.