बाण काढणारी बाई

राजोडीच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, डावीकडच्या कोनाड्यात बाणांच्या संतांची लाकडी मूर्ती होती. खांबाला बांधलेला तरुण, अंगात पाच बाण. जुन्या काळी प्लेगची साथ आली तेव्हा ही मूर्ती गावभर फिरवली आणि साथ वेशीवर थांबली, असं म्हातारी माणसं सांगत. जानेवारीत संतांचा सण. आधी नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना, मग मोठ्या मिस्सेची उपासना, मिरवणूक आणि रात्री जेवणाच्या आधी देवळाच्या अंगणात नाटक.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांची, गावच्या शाळेत शिक्षिका. त्या वर्षी फादरांनी मला बोलावलं. म्हणाले, "दरवर्षी तेच बायबलातल्या दाऊद राजाचं नाटक बघून लोक कंटाळलेत. या वेळी आपल्या संतांचंच चरित्र लिही." आणि एक पातळ पुस्तिका दिली.

गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. रोमच्या बादशहाच्या पहारेकऱ्यांतला हा शिपाई गुपचूप ख्रिस्ती झाला. तुरुंगातल्या ख्रिस्ती कैद्यांना धीर देऊ लागला. बादशहाला कळलं, त्याने त्याला खांबाला बांधून बाणांनी मारायला सांगितलं. मेला समजून सैनिक निघून गेले. एक विधवा त्याला पुरायला आली, तर श्वास चालू होता. तिने त्याला घरी नेऊन बरं केलं. पण बरा झाल्यावर तो पळून गेला नाही. राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभा राहून त्याने बादशहाला जाब विचारला आणि त्या वेळी त्याला सोट्यांनी ठार केलं.

संतांचं काम मिळालं मुंबईत बँकेत नोकरी करणाऱ्या शेजारच्या तरुणाला. उंच, गोरा, आवाज खणखणीत. सुताराने बांबूचे बाण केले, ते गंजिफ्रॉकच्या आत बांधलेल्या फळीत खोचायचे. अडलं ते विधवेपाशी. लग्न न झालेल्या मुलींच्या आया म्हणाल्या, असलं सोंग नको. लग्न झालेल्यांच्या सासवा तर त्याहून चिडल्या. आठ दिवस मी घरोघर फिरले.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी हे आईला सांगत होते. ती विड्याच्या पानांच्या कवळ्या बांधत होती. माझे वडील जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. हातातलं काम न थांबवता आई म्हणाली, "मी करते."

"तू?"

"मी हायच ना विधवा. मला कोन काय बोलनार?"

आईला वाचता येत नव्हतं. मी वाक्यं म्हणायची, ती ऐकून पाठ करायची. पहिल्याच दिवशी तिने मला थांबवलं. मी विधवेच्या तोंडी एक लांबलचक भाषण घातलं होतं, त्यात श्रद्धा होती, स्वर्ग होता, रोमचं पाप होतं.

"बाण लागलेल्या मानसाच्या उशाशी बसून इतकं कोन बोलतं?" आई म्हणाली.

"मग काय बोलेल ती?"

"हलू नको म्हनेल. पानी पाजेल." मग थोड्या वेळाने, "किती दिवस व्हता तो तिच्याकडे? काय खायला घातलं तिनं?"

मी पुस्तिका उघडून पाहिली. विधवेवर दोनच ओळी होत्या. फादरांना विचारलं, ते हसले आणि म्हणाले, "तेवढंच ठाऊक आहे." मी भाषण खोडलं.

सणाच्या दिवशी अंगण भरलं होतं. बाणांचा प्रवेश झाला, बायकांनी क्रुसाची खूण केली. मग आई आली, साध्या पांढऱ्या लुगड्यात. तिने एकेक बाण उपसला. घाई केली नाही. प्रत्येक बाण काढताना दुसरा तळहात त्याच्या छातीवर दाबून धरला. तिला कोणी तसं शिकवलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

पुढच्या प्रवेशात तो बरा होऊन उठतो. मी लिहिलेलं वाक्य होतं, 'जा बाळा, देव तुझ्याबरोबर आहे.' आई ते बोललीच नाही. तिने त्याचं मनगट धरलं.

"कुठं चाललास? अजून जखमा ओल्या हायत."

पडद्यामागून मी खरं वाक्य कुजबुजले. तिने ऐकलं असावं, पण मान वळवली नाही. बँकेतला तरुण गोंधळला. त्याचं उत्तर 'माते' या शब्दाने सुरू होत होतं. ते त्याला आठवलं नाही. तो नेहमीसारखा बोलला.

"मावशी, मला जायला पाहिजे."

"कशाला?"

तो म्हणाला, "तुरुंगात माणसं आहेत. त्यांच्यासाठी कोणी बोलायला नको का?"

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मनगट सोडलं, खांद्यावरून घसरलेली पट्टी नीट बांधली आणि म्हणाली, "मग पेज पिऊन जा."

तिने पुढे केलेल्या भांड्यात काहीच नव्हतं. तरी तो खाली बसला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

घरी परतताना मी तिच्यावर रागावले होते. दुसऱ्या दिवशी पानवेलीत पाणी सोडताना ती आपणहून म्हणाली, "तुझ्या बापाची कावीळ उतरली व्हती. म्हनाला, आज बरं वाटतंय, मोटेवर जाऊन येतो. मी मागं पानं खुडत व्हते. 'ऱ्हाव दे' म्हनायचं मनात आलं. बोलले नाय."

वडील त्याच दुपारी विहिरीपाशी कोसळले होते, चौथ्या दिवशी गेले. एवढं मला ठाऊक होतं. मोटेवर जाताना त्यांनी तिला सांगितलं होतं, हे ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सोळा वर्षांची, शाळेत होते.

"त्यांनी ऐकलं असतं?" मी विचारलं.

"नसतं ऐकलं." तिने फावड्याने दुसऱ्या पाटाचं तोंड मोकळं केलं. "पन काल तो पोरगा बोलला ना, कशाला जायचं ते. मी इचारलं असतं तर तुझा बाप बोलला असता, पाट सुकलेत. तेबी खरंच व्हतं."

फादर दोन दिवसांनी घरी आले. मला वाटलं, बोलणी बसणार. ते आईला म्हणाले, "त्या बाईनं त्याला अडवलं नाही, असं पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही." आईने त्यांना चहा दिला.

नाटक पुढची सहा वर्षं झालं. आईने दुसऱ्या वर्षी काम घेतलं नाही. "माझं बोलून झालं," म्हणाली. मग बँकेतल्या तरुणाच्या बायकोने ते केलं, सासूची परवानगी न विचारता. आई पुढच्या चटईवर बसून बघायची. सोट्यांचा प्रवेश आला की उठून, लुगड्याचा पदर सारखा करत, मागे जेवणाच्या पातेल्यांकडे जायची आणि भात झाला का ते बघायची.