सारिकाचे गडी आणि मानाची पाटी

मळवली स्टेशनावरून भाजे लेण्यांकडं चालत आलं, की चढण लागायच्या अलीकडं डाव्या हाताला एक पत्र्याची पडवी दिसते. पडवीत चूल, चुलीपासून हातभर लांब एक लाकडी स्टूल आणि स्टुलावर लॅपटॉप. झाकणावर पिठाच्या बोटांचे ठसे. ही सारिकाची जागा. शनिवार-रविवारी येणाऱ्यांना ती पिठलं-भाकरी घालते, आधी सांगून ठेवलं तर कोंबडीही करते. मधल्या वारी ब्लॉग लिहिते.

ब्लॉग सुरू झाला तो लोकांच्या प्रश्नांमुळं. भाकरी थापता थापता तेच तेच सांगायचं: गाडी कुठं लावायची, वर पाणी मिळतं का, चप्पल चालेल का. एका बाईनं तर लेण्याला लिफ्ट आहे का विचारलं. सारिका म्हणाली, "हाय की. पर त्या काळच्या लोकांनी जाताना बंद करून ठेवलीया." बाईनं मान डोलावली आणि पायऱ्यांनी गेली. त्या दिवशी सारिकानं ठरवलं, एकदाच लिहून टाकायचं आणि विचारणाऱ्याला पत्ता द्यायचा. लग्नाआधी कामशेतला एमएससीआयटी केलेलं होतं, ते कामाला आलं.

लिहिते ती आपल्या बोलीत. 'धबधब्याच्या वरल्या अंगाला जाऊ नका. दगड शेवाळलेला हाय. पाय घसारला तर तुमाला काडायला आमचीच पोरं येत्यात, आन त्यांचा खाडा पडतो.' हेच कुणी गुळगुळीत मराठीत लिहिलं असतं तर वाचून लोक वरच्या अंगालाच गेले असते. हे वाचून थांबतात.

आता तिच्या गड्यांचं. ब्राउझर म्हणजे ज्या खिडकीतून आपण इंटरनेट बघतो ती. त्या खिडकीला वरून जोडायच्या बारक्या सोयी मिळतात, बहुतेक फुकट. कुणी त्याला ॲड-ऑन म्हणतं, कुणी एक्स्टेन्शन. सारिका म्हणते गडी. तिच्याकडं एक गडी आहे, इंग्रजी शब्दावर बोट टेकलं की अर्थ सांगणारा. दुसरा तिनं पाहुण्यांना लिहिलेल्या इंग्रजी निरोपातल्या चुका धरतो. तिसरा उघडी पडलेली वीसेक पानं एका गाठोड्यात बांधून ठेवतो आणि मागितली की सोडून देतो. चौथा अख्ख्या लांबलचक पानाचा एका दमात फोटो काढतो. गावात कुणाला सातबारा हवा असला की हा गडी कामाला लागतो. ढग खाली उतरले की आमच्याकडं नेटवर्क जातं, म्हणून एक जण पानं आधीच साठवून ठेवतो, पावसाळ्याआधी सरपण भरावं तसा.

आणि एक आहे वाचून दाखवणारा. तो झुंबरबाईसाठी. झुंबरबाई म्हणजे सारिकाची चुलतसासू. डोळ्यांना कमी दिसतं, कानाला मात्र सगळं ऐकू येतं, ऐकू नये तेही. दुपारची भांडी झाली की ती पडवीत येऊन बसते आणि सारिकाचा ब्लॉग त्या यंत्रातल्या बाईच्या तोंडून ऐकते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाली, "बाय शहरातली दिसती, पर बोलती आपलं. हितं नांदायला आलीया का?"

"व्हय आत्याबाई. आन कामाला मागं सरत न्हाई."

"तुज्यासारखीच मंग. हात मातूर स्वच्छ असतील तिचे."

गडी ठेवण्याची सारिकाची रीत पाहण्यासारखी आहे. नवा घेताना ब्राउझर विचारतो, याला अमुक अमुक बघायची परवानगी द्यायची का. आपण सगळे न वाचता 'हो' दाबतो. सारिका वाचते. तिच्या लेकीनं, हर्षदानं, एकदा माऊसच्या बाणाचं फुलपाखरू करणारा गडी घेतला होता. त्याला हवी होती प्रत्येक पान वाचायची परवानगी. सारिकानं विचारलं, "फुलपाखराला माजं बँकेचं पान कशाला वाचायचंय गं?"

"आई, सगळेच मागतात."

"भात कापाया आलेल्यानं कणगीत डोकवायचं न्हाई." आणि फुलपाखरू गेलं. महिन्या-दोन महिन्यांनी ती सगळ्या गड्यांची बेणणी करते. ज्याच्याकडून काम झालं नाही तो उपटून बांधावर.

अशाच आणखी एका गड्यामुळं तिच्यावर जो प्रसंग आला, तो सांगण्यासाठी हे सगळं सांगितलं.

सारिकाच्या ब्लॉगवर खालच्या बाजूला गावातल्या लोकांच्या पाट्या आहेत. कुणाची खोली, कुणाची जेवणाची सोय, कुणाची रिक्षा. तिनं कुणाकडं काही मागितलं नाही. वरच्या वाडीचा शिदू स्टेशनाकडच्या वळणावर ताक आणि रानमेवा घेऊन बसतो, त्याचीही पाटी तिनं लावली. बारक्या बारक्या, एका ओळीत. फक्त एक पाटी वेगळी होती, ती कैलासची.

कैलास झुंबरबाईचा थोरला, म्हणजे सारिकाचा चुलतदीर. भावकीतला कर्ता माणूस. लग्न असो, वास्तू असो, त्याला पहिलं बोलावणं आणि पुढचा पाट. त्यानं घरावर पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. त्याची पाटी शिदूच्या शेजारी बसवायची सारिकाची छाती झाली नाही. ब्लॉगच्या तयार साच्यात अगदी वर, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी जागा होती. साचा करणाऱ्यानं ती जाहिरातीसाठी राखलेली. सारिकानं ती कैलासला दिली. घराचा फोटो, समोर कैलास स्वतः फेटा बांधून. मानाची पाटी. कैलास खूश. येईल त्या पाहुण्यापुढं लॅपटॉप उघडून आधी ती पाटी दाखवायचा, मग खोली.

पुढं भाताची झोडणी उरकल्यावर कैलासनं सारिकाला बोलावून घेतलं. त्याच्या लॅपटॉपवर नको त्या जाहिराती उड्या मारत होत्या. कीर्तन लावलं की मध्येच अर्ध्या कपड्यातली बाई यायची. झुंबरबाईला धूसर दिसलं तरी तेवढं बरोबर दिसायचं. "कैलास, तिला काय तरी नेसाया दे," असं ती कैलासच्या सुनेदेखत म्हणाली, तेव्हा कैलास उठून बाहेरच गेला.

सारिकानं तिथं जाहिराती अडवणारा गडी बसवला. तिच्या भाषेत राखण्या, पिकावर पाखरं बसू नयेत म्हणून माळ्यावर बसतो तसला. पडदा स्वच्छ झाला. ती निघाली तेव्हा कैलासनं तिला परसातला भोपळा दिला.

त्यानंतर आठवडाभरानं हर्षदाची सुपारी ठरली. पवन मावळातलं स्थळ, पोरगा धड, पोरीच्या मनातला. रविवारी पाहुणे येणार आणि भावकीच्या वतीनं कैलासनं सुपारी फोडायची. आमच्याकडं ते काम घरातला थोरला करतो. तो नसला, तर समोरचे लोक पान हातात धरून विचारतात, तुमची भावकी फुटलीय का. आणि मग पान खाली ठेवतात.

गुरुवारी सारिकाचा नवरा सोपान कंपनीतली पहिली पाळी करून आला तो तोंड पाडूनच. कैलास त्याला वाटेत भेटला होता.

"दादा रविवारी येनार न्हाईत."

"का?"

"म्हनले, जितं शिदूची पाटी राहती आन माजी निघती, तितं माजं काय काम. तुज्या बायकूनं ठरवलंय कोन मोटा ते."

सारिकानं लॅपटॉप उघडला. पाटी जागेवर. कैलास फेट्यात हसतोय. सोपाननं फोनवर बघितलं, तिथंही हसतोय.

"शेताच्या बांधावरनं मागं वाजलं व्हतं, त्याचा राग हाय त्यांचा," सोपान म्हणाला. "पाटीचं निमित्त."

सारिकालाही तसंच वाटलं. रागानं तिनं रात्रीची भाकरी करपवली, आणि ती भाकरी कधी करपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी झुंबरबाई नेहमीसारखी पडवीत येऊन टेकली. सारिका म्हणाली, "तुमचा ल्योक आमच्या दारात यायचा न्हाई म्हनतो, आन तुमी आलात."

"भांडान तुमचं. मी माज्या बायला ऐकाया आले. लाव तिला."

सारिकानं लावलं नाही. "आत्याबाई, खरं सांगा. पाटी हाय हितं. मंग भाऊजी न्हाई कशाला म्हनत्यात?"

झुंबरबाईनं तंबाखू मळायला घेतली. "कैलास तापट हाय. हेकट हाय. पर त्याला खोटं बोलाया येत न्हाई. ल्हानपनी दूध सांडलं की मांजराचं नाव घ्यायचा, आन मांजराआधी सोताच रडायचा. त्याला दिसत न्हाई म्हंजे दिसत न्हाई."

सारिकानं लॅपटॉप पुढं ओढला. कैलासला दिसत नाही, मला दिसते. मग त्याच्या लॅपटॉपवर असं काय आहे, जे माझ्यावर नाही? आणि तिला आठवलं. राखण्या तर तिच्याकडंही होता, पण स्वतःच्या ब्लॉगवर कशाला पहारा म्हणून तिथं त्याला तिनं सुटी दिलेली. तिनं सुटी रद्द केली आणि पान पुन्हा उघडलं. खालच्या बारक्या पाट्या सगळ्या जिथल्या तिथं. वरची मानाची पाटी साफ गायब. जाहिरातीच्या जागेत बसलेला कैलास राखण्यानं पाखरू समजून हुसकून लावला होता.

ती इतकी हसली की झुंबरबाईच्या हातातली तंबाखू सांडली.

सोपानचं म्हणणं, दादा घरी नसताना जाऊन त्यांच्या सुनेला सांगून गुपचूप राखण्याला सुटी द्यावी. पाटी परत दिसली की त्यांना वाटेल, सारिका नमली. विषय मिटला.

"मी काडलीच न्हाई, तर नमू कशाला?" सारिका म्हणाली. "आन त्यांच्या घरात दिसंल. ज्याच्या ज्याच्याकडं राखण्या हाय त्याला कुटं दिसनार?"

तिथं मला ही बाई मोठी वाटली. कारण दुसरी गोष्ट सांगणं जास्त कठीण होतं. इतके दिवस लॅपटॉपवर राखण्या ठेवणाऱ्या कुठल्याही पाहुण्याला ही पाटी दिसलेली नव्हती. मान दिला तो दिला, पण निम्म्या लोकांपुढं रिकाम्या पाटाला.

शनिवारी सकाळी ती डोक्यावर पदर घेऊन, लॅपटॉप काखेत मारून कैलासच्या ओट्यावर गेली. कैलास दात घासत होता. तोंडात ब्रश होता म्हणून तिला आधी बोलायला मिळालं.

"भाऊजी, ह्यो राखण्या मीच तुमच्या दारात बसवला. त्याला मानूस वळखू येत न्हाई. वरच्या आडव्या जागंत जो बसंल, त्याला त्यो जाहिरात समजून हाकलतो. हे बगा, राखण्या झोपला, तुमी आलात. राखण्या उटला, तुमी गेलात."

कैलासनं तिला ते पुन्हा करायला लावलं. मग स्वतःच्या बोटानं करून बघितलं. स्वतःला घालवलं, आणलं, परत घालवलं. चूळ भरून आला आणि म्हणाला, "शिदू कसा राहतो मंग?"

"त्यो ओळीत बसलाय. ओळीतल्याला राखण्या काय करत न्हाई."

"आन आलेल्या पावन्याला मी दिसत नव्हतो?"

सारिका गप्प राहू शकली असती. "फोनवर दिसत व्हता. लॅपटॉपवाल्या लय जनांना न्हाई. पयल्या दिवसापासनं. माजं बगायचं राहिलं."

कैलासचा चेहरा पडला. आत चुलीपुढून झुंबरबाईचा आवाज आला, "पंगतीत बसलेल्याला वाढपी वाढतो रं. मंदी उबा ऱ्हायलेल्याला कोन वाढतंय?"

"तुमी सांगाल तसं करते," सारिका म्हणाली. "वर ठिवू, मान हाय. का ओळीत घेऊ, समद्यांना दिसाल. दोनी व्हायचं न्हाई."

"ओळीत पयला?"

"ओळ स्टेशनापासनं वाटंनं हाय, भाऊजी. जो आदी लागतो त्यो आदी. शिदूचं वळान आदी लागतं."

कैलासनं लॅपटॉपवरची ओळ शिदूपासून खालपर्यंत बोटानं मोजली. पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेल्या माणसाला पाहुण्यांना दिसण्याची किंमत कळते. "घे ओळीत," तो म्हणाला. "फोटू मातूर फेट्याचाच ठेव."

रविवारचं त्यानं काही सांगितलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. थोरल्या दिराला दोनदा विचारायचं नसतं.

रविवारी पवन मावळातले पाहुणे पडवीत टेकले, चहा झाला, पानं मांडली. पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्यानं पुढचा रिकामा पाट दोनदा बघितला. सोपानची नजर रस्त्याकडं. हर्षदा आतल्या खोलीत दाराआड उभी, हातातल्या बांगड्या वर-खाली करत. सारिका चुलीपुढची उठली नाही. भाकरी मात्र एकही करपली नाही.

मग कैलास आला. फेटा बांधून. सगळ्यांना रामराम घातला, मागं ओळीत बसलेल्या शिदूलाही घातला, आणि सरळ पुढच्या मानाच्या पाटावर जाऊन मांडी घातली. सुपारी हातात घेतली आणि थांबला. चुलीकडं मान वळवून म्हणाला, "सारिका, हितं त्यो तुजा राखण्या न्हाई ना?"

"न्हाई भाऊजी. आज त्याला सुटी हाय."

"बगून घे. पावन्यांना मी दिसतोय का इचार."

पाहुण्यांना काही कळलं नाही. झुंबरबाई मात्र कोपऱ्यातून म्हणाली, "मला बी दिसतोयस रं. फोड आता."

आणि कैलासनं सुपारी फोडली.