उणे एकोणीस

बाबा हवामान निरीक्षक होते. मी दहा वर्षांची असताना त्यांची बदली हिमालयातल्या एका उंच जिल्ह्यात झाली आणि आम्ही तिघं पुणं सोडून तिथे दोन वर्षं राहिलो. खिंडीत बर्फ पडला की रस्ता बंद, तो थेट मे महिन्यात उघडायचा. तोवर आतला माणूस आत, बाहेरचा बाहेर. पाऊस जवळजवळ नाहीच. ऊन मात्र असं, की उन्हाकडचा गाल भाजायचा आणि दुसरा बधिर व्हायचा. वाळत घातलेली चादर आई फळीसारखी उचलून घरात आणायची.

रोज सकाळी साडेआठला बाबा अंगणातली पांढरी पेटी उघडून आतलं तापमान बघायचे, तेही श्वास रोखून. श्वासाच्या उबेने आकडा चुकतो म्हणे. मला ते सगळं फार नाटकी वाटायचं.

आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. आई गेली. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. त्यांनी हट्टच धरला म्हणून गेल्या वर्षी बुधवार पेठेतून एक तापमापक आणून बाल्कनीत लावला. तेव्हापासून साडेआठला ते तिथे हजर. श्वास रोखतात, वाकतात आणि म्हणतात, "उणे एकोणीस. लिहून घे."

"अहो बाबा, एप्रिल चाललाय. सव्वीस आहे. डोंबलाचं उणे!"

"तू श्वास सोडलास," ते शांतपणे म्हणतात.

मी हसण्यावारी न्यायचे. पण नळ गोठतील म्हणून एका पहाटे त्यांनी गॅसचे चारही बर्नर पेटवून ठेवले आणि स्वयंपाकघराचा पडदा जळता जळता राहिला. मी दिवसभर नोकरीवर, घरात ते एकटे. शेवटी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरला. लाज वाटली, तरी भरला. सोमवारी दहाला गाडी येणार होती. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी साडेआठला ते बाल्कनीत गेले. आज शेवटचंच, म्हणून मीही शेजारी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा श्वास रोखून बघितलं. लाल रेघ सव्वीसवरच होती. मला हायसं वाटलं. मग मी श्वास सोडला. तोंडातून पांढरी वाफ निघाली आणि काचेवर जाऊन बसली. खाली सोसायटीचा वॉचमन घाम पुसत उभा होता.

मी घाबरून बाबांचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

"रस्ता बंद झालाय," ते म्हणाले. "आता मे महिन्यापर्यंत कुणी कुठे जायचं नाही." ते माझ्याकडे बघतच नव्हते. दाराशी भरून ठेवलेल्या बॅगेकडे बघत होते.

मी आत जाऊन वृद्धाश्रमात फोन लावला. गाडी पाठवू नका म्हटलं.

"का हो? काय झालं?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"रस्ता बंद आहे," मी म्हणाले. मला ते दोनदा सांगावं लागलं, इतके माझे दात वाजत होते.