शोभाचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणापुढं काढलं नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही गिळलंच. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही.

दौंडच्या वस्तीत धंदा करणाऱ्या आम्हा बायकांत मी वयानं मोठी, म्हणून संस्थेनं मला कामाला घेतलं. बुधवारी बायकांना तपासणीला न्यायचं, निरोध वाटायचे, आणि रक्ताचा रिपोर्ट जिचा तिला कानात सांगायचा. कागद हाती द्यायचा नाही — कोठ्याच्या घरवालीनं पाहिला तर बाई रस्त्यावर. म्हणजे माझा शब्द हाच रिपोर्ट.

शोभा शेजारच्या खोलीतली. आणि दत्तू, कुरकुंभच्या कंपनीत पाळीवर जाणारा — तो सहा वर्षं माझा माणूस होता. माझा! मग तो तिच्याकडं जाऊ लागला. ती नुसती हसली तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिला दिवस गेले, तर हा तिच्यासाठी आवळे घेऊन माझ्याच दारावरून गेला. मला कधी साधा गजरा तरी आणला होता का? जळले मी. खोटं कशाला बोलू — आजही जळते.

तिच्या रक्तात गरमी, डॉक्टरांच्या भाषेत सिफिलिस, निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लगेच आणा तिला. इंजेक्शनं घेतली तर बाळ वाचेल." मी नीट ऐकलं.

शोभा दारातच उभी होती. "अक्का, काय निघालं वं?"

"काय न्हाई. समदं चांगलं हाय."

पुढच्या बुधवारी डॉक्टरबाईंनी विचारलं. म्हटलं, ती कवठे येमाईला माहेरी गेलीय. शोभा तेव्हा नळावर धुणं धूत होती. मला काय हवं होतं? ती खंगावी, दत्तूच्या मनातून उतरावी, एवढंच. बाळाचं मनात आलं नव्हतं — नाही, हेही खोटं. आलं होतं.

आठव्या महिन्यात मूल मेलेलंच जन्मलं. मुलगी. दवाखान्यात पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा शोभाला गरमी कळली. तिला वाटलं, मागाहून लागली असेल. माझ्या गळ्यात पडून ती रडली, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? आता दत्तू तिच्याकडं येणार नाही.

परवा ती एका नव्या पोरीला माझ्याकडं घेऊन आली. पोरगी रिपोर्टला घाबरत होती. शोभा तिला म्हणाली, "भिऊ नगं. अक्का सांगतील त्ये खरं."