लावणीचे कोरे चौकोन

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. मन हलकं व्हावं म्हणून सांगतोय म्हणू? – ते होणार नाही, मला ठाऊक आहे.

लोणावळ्याला आमचा बर्फाचा कारखाना होता. मी तिथं हजेरी-कारकून. कोंडिबा आंदर मावळातला. लाद्या कापून भुशात रचायचा. मी नोकरीला नवा असताना तापानं पडलो, तेव्हा आठ दिवस त्यानं आपल्या चुलीवरची पेज आणून मला पाजली. वयानं थोरला, तरी मला भाऊ म्हणायचा.

पावसाळ्यात बर्फाला गिऱ्हाईक कमी. म्हणून जुने इंग्रज मॅनेजर मावळातल्या माणसांना पंधरा दिवस भातलावणीला घरी सोडत. पगार नाही, पण नोकरी चालू. हजेरीपत्रकात 'रजा' लिहीत जा, असं त्यांनी मला बजावलं होतं. मी आळसानं ते चौकोन कोरेच ठेवायचो. कोण बघतंय?

एका वर्षी मीही गेलो त्याच्याबरोबर. कान्हे स्टेशनला उतरून दिवसभर चाललो. दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात उभा राहून मी रोपं लावली, तर सगळी ओळ वाकडी. "भाऊ, ही लावणी हाय का तुमची सही?" कोंडिबा म्हणाला, आणि खाचरातल्या बायका हसून वाकल्या. तसा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. त्या चिखलाची ऊब पायांना अजून आठवते.

मग मुंबईच्या एका मोठ्या कंपनीनं आमचा कारखाना आपल्यात घेतला. ज्यांची वीस वर्षं अखंड नोकरी, त्यांना म्हातारपणी पेन्शन मिळणार. बाकीच्यांची नोकरी नव्यानं मोजायची. प्रत्येकाचा कागद मी भरायचा. त्यात एक प्रश्न होता – नोकरीत खंड आहे काय?

जुने मॅनेजर तोवर विलायतेला परतले होते. नवे साहेब हजेरीपत्रकं चाळता चाळता थांबले. हे चौकोन कोरे का?

सांगायला कितीसं लागलं असतं? लावणीची रजा आहे साहेब, लिहायची माझ्याकडून राहिली – एवढंच. ऐकलंही असतं त्यांनी. पण दोन कारकुनांपैकी एकच ठेवणार, हे माझ्या कानावर आलं होतं. मी म्हणालो, "गैरहजर."

मावळातल्या सातही जणांच्या कागदावर मी खंड लिहिला. त्यांत वीस वर्षं भरलेला कोंडिबा एकटाच होता. अंगठा उठवताना त्यानं विचारलं, "भाऊ, समदं नीट हाय न्हवं?"

मी हो म्हणालो. त्याच्याकडे बघून म्हणालो.

पाच-सहा वर्षांनी त्याची कंबर गेली आणि तो रिकाम्या हातानं गावी परतला. कंपनीचा कायदाच तसा, असं तो समजतो. मी राहिलो. हेडक्लार्क झालो. मला पेन्शन आहे.

दरवर्षी दिवाळीनंतर तो गावच्या माणसाबरोबर पायलीभर नवा तांदूळ धाडतो. निरोप ठरलेला – भाऊला म्हनावं, लावणीला या येकदा. आषाढ आला की मला दुसरं काही सुचत नाही. जावं, त्याच्या शेजारी चिखलात उभं राहावं, ओळ वाकडी लावावी, त्यानं हसावं. एकदा कान्ह्यापर्यंत गेलोही. आंदर मावळाकडं जाणाऱ्या वाटेवर पाटीवाल्या बायका चालल्या होत्या. मी फलाटावरच्या बाकावर बसून राहिलो, आणि उलट गाडीनं परत आलो. तिथं जाऊन त्याला काय सांगणार होतो? आणि न सांगता त्याच्या खाचरात पाय कसा घालणार होतो?

यंदाही तांदूळ आला. आणणारा सांगत होता, कोंडिबाला आता सरळ उभं राहवत न्हाई, तरी दुसऱ्याच्या खाचरात रोजानं लावणीला जातो. पिशवी मी आत दिली. संध्याकाळी भात शिजला, त्याचा वास घरभर झाला.

मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढून घेतला.